जुने पिकअप वाहन : किलोमीटरच्या आकड्यापलीकडे काय पाहावे

चेन्नई शहराच्या पश्चिमेस कोयंबेडू येथे १९९६ साली सुरू झालेला भाजीपाला, फळे व फुलांचा घाऊक बाजार आहे. नाशिक जिल्ह्यातील कांदा मोठ्या ट्रकमधून येथवर येतो. मात्र येथून पुढे उपाहारगृहांपर्यंत, मंगल कार्यालयांपर्यंत आणि गल्लीतील किरकोळ दुकानांपर्यंत तो पोहोचतो छोट्या मालवाहू वाहनांतून. पहाटेच्या काळोखात बाजाराभोवती उभी राहणारी ही वाहने पाहिली तर त्यांतील बरीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असल्याचे दिसून येते. नव्या वाहनाचा हप्ता परवडत नाही आणि भाड्याच्या वाहनावर दररोज विसंबता येत नाही, अशा व्यापाऱ्यापुढे जुने पिकअप हाच मधला मार्ग उरतो.

असे वाहन विकावयास आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी किती चालली आहे? दोन लाख किलोमीटर हा आकडा ऐकून एक ग्राहक परत फिरतो, तर ऐंशी हजार हा आकडा ऐकून दुसरा तेथल्या तेथे बयाणा देतो. दोघांचीही फसगत होण्याचा संभव आहे. मालवाहू वाहनाच्या बाबतीत ते किती धावले यापेक्षा काय वाहून धावले, कोणत्या पाण्यातून गेले आणि त्याची कागदपत्रे कोणत्या स्थितीत आहेत, या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. किलोमीटरचा आकडा हा पुराव्यांपैकी एक आहे, आणि त्यांतला तो सर्वांत सहज बदलता येणारा आहे.

बाजारातील वाहने

महाराष्ट्रात अशा कोणत्याही वाहनास सर्रास 'टेम्पो' म्हटले जाते. हा शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव होते. १९५८ साली बजाज टेम्पो या कंपनीने त्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू वाहने बनवण्यास प्रारंभ केला आणि व्यापारी नाव हळूहळू सामान्यनाम झाले. पुढे याच कंपनीचे मॅटॅडोर घरोघरी माहीत झाले. कंपनीने २००५ साली फोर्स मोटर्स हे नाव धारण केले, तरी मराठी माणसाच्या तोंडी टेम्पो कायम राहिला. त्याच २००५ साली टाटा मोटर्सने 'एस' हे वाहन बाजारात आणले. हिंदीत व मराठीत त्यास 'छोटा हाथी' म्हणतात, तर तमिळमध्ये 'कुट्टी यानै', म्हणजे हत्तीचे पिल्लू. भाषा बदलली तरी उपमा बदलली नाही.

चेन्नईच्या जुन्या बाजारात या 'एस'खेरीज महिंद्रचे बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँडचे 'दोस्त' ही वाहने प्रामुख्याने आढळतात. अशोक लेलँड ही कंपनी मूळची चेन्नईची. निस्सानसमवेतच्या भागीदारीतून २०११ साली आलेले 'दोस्त' होसूर येथील कारखान्यात तयार होते. ही भागीदारी २०१६ साली संपली, परंतु वाहनाचे उत्पादन व सुटे भाग यांत खंड पडला नाही. तामिळनाडूत या वाहनाचे काम जाणणारे मिस्त्री जागोजागी भेटतात. जुन्या वाहनाच्या खरेदीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गाडी बंद पडल्यावर ती दुपारपर्यंत सुरू होणार की तीन दिवस उभी राहणार, हे मिस्त्री व सुटा भाग किती जवळ मिळतात यावर अवलंबून असते.

या तीन वाहनांचा किलोमीटरचा हिशेब एकाच मापाने करता येत नाही. सुरुवातीच्या 'एस'चे डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे व अवघ्या ७०२ घन सेंटिमीटरचे होते. 'दोस्त'चे इंजिन तीन सिलिंडरचे व सुमारे दीड लिटरचे, तर बोलेरो पिकअपमध्ये पुष्कळ काळ वापरले गेलेले इंजिन चार सिलिंडरचे व अडीच लिटरचे आहे. छोटे इंजिन भरल्या गाडीत जवळजवळ पूर्ण ताकदीने चालत असते. मोठे इंजिन तेवढेच ओझे सहज ओढते. त्यामुळे दोन लाख किलोमीटर चाललेले अडीच लिटरचे इंजिन अजून निम्म्या आयुष्यात असू शकते, आणि तेवढेच चाललेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे एकदा तरी काम झालेले असण्याची शक्यता गृहीत धरावी.

आकडा कसा पडताळावा

चेन्नई ते बंगळूर हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. या मार्गावर दररोज एक फेरी करणारे वाहन वर्षाकाठी लाखाच्या घरात सहज जाते. याउलट पॅरिस कॉर्नर किंवा सौकारपेटच्या अरुंद गल्ल्यांत माल पोहोचवणारे वाहन वर्षात पंधरा हजारही धावत नाही. पहिल्या वाहनाचे इंजिन बहुतेक वेळ गरम व एका गतीने चालले. दुसऱ्याचा क्लच दर शंभर मीटरवर दाबला गेला, सेल्फ दिवसातून तीस वेळा मारला गेला आणि इंजिन तासन् तास जागेवर चालू राहिले. आकडा लहान असूनही दुसऱ्या वाहनाची झीज अधिक असू शकते.

आता आकडा खरा आहे की नाही, हा प्रश्न. जुन्या यांत्रिक मीटरची केबल काढून ठेवली की आकडा थांबत असे. डिजिटल मीटरचा आकडा बदलून देणारे कारागीरही आहेत. म्हणून मीटरवर विसंबण्याऐवजी इतर खुणा जुळवून पाहाव्यात. अधिकृत सेवा केंद्रात काम झाले असल्यास प्रत्येक पावतीवर तारीख व किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्याकडे पावत्या नसल्या तरी नोंदणी क्रमांकावरून सेवा केंद्रात त्याच्या संमतीने चौकशी करता येते. क्लच व ब्रेकच्या पायदळावरील रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगची पकड चकाकते आहे, चालकाच्या आसनाचा फोम एका बाजूने बसला आहे आणि मीटर मात्र साठ हजार दाखवतो, तर आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे दहा वर्षांच्या गाडीत ही तिन्ही रबरे कोरी करकरीत असतील तर तीही शंकेची बाब समजावी.

एक साधन तुलनेने नवे आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर फास्टॅग बंधनकारक झाला. विक्रेत्याने आपल्या फास्टॅग खात्याचा मागील वर्षाचा तपशील दाखवला, तर गाडी कोणत्या नाक्यावरून किती वेळा गेली हे तारखेनिशी समजते. आठवड्यातून चार वेळा वेलूरच्या दिशेने गेलेली गाडी वर्षात दहा हजारच चालली, हा दावा त्यासमोर टिकत नाही. तपशील दाखवण्यास विक्रेता तयार नसेल, तर निदान तेवढे तरी कळते.

ओझ्याच्या खुणा

मोटार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही एक टनाच्या गाडीत दोन टन विटा, वाळू, लोखंडी सळ्या किंवा पाण्याचे कॅन भरण्याचा प्रकार देशभर चालतो. इंजिनाचे काम पैसे खर्चून करता येते. वाकलेली चेसिस मात्र पूर्ववत होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पिकअप पाहताना तपासणीचा निम्मा वेळ गाडीच्या खाली घालवावा आणि बॉनेट त्यानंतर उघडावे.

प्रथम गाडी सपाट जागी रिकामी उभी करून मागून पाहावी. दोन्ही बाजूंची उंची समान असावी. मागील पाट्यांना रिकाम्या अवस्थेत स्पष्ट कमान दिसली पाहिजे. पाटे सपाट झाले असतील, किंवा त्यांत एखादा जादा पाटा भरलेला असेल, तर गाडीने वर्षानुवर्षे क्षमतेबाहेर माल वाहिला, असा अर्थ घ्यावा. जादा पाटा भरला की माल पेलतो, परंतु ओझे एक्सल, चाकाची बेअरिंगे, ब्रेक व चेसिस यांवरच येते.

त्यानंतर केबिन आणि हौदा यांमधील फट पाहावी. ही फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी. वर अरुंद व खाली रुंद, किंवा त्याउलट असेल, तर चेसिस केबिनच्या पाठीमागे वाकलेली असू शकते. पिकअपची चेसिस बहुधा याच ठिकाणी हार मानते. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर, पाट्यांच्या कडींजवळ आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. कारखान्यातील वेल्डिंग एकसारखे असते, तर दुरुस्तीचे जाड व खडबडीत. ताजा काळा रंग फासलेली चेसिस हे स्वच्छतेचे लक्षण मानू नये. रंगाखाली तडा असल्यास हातोडीच्या हलक्या टोल्याने आवाज बदलतो, आणि अनुभवी फिटर तो लगेच ओळखतो.

हौद्याच्या तळाचा पत्राही बोलतो. फाळक्याजवळ एकाच बाजूस पडलेले खोल खळगे सळ्या किंवा फरशी वाहिल्याचे सांगतात. तळाशी सिमेंटचा थर किंवा विटांची लाल धूळ चिकटलेली आढळल्यास ती गाडी 'फक्त बिस्किटांच्या खोक्यांसाठी' वापरली गेली, या विक्रेत्याच्या म्हणण्यावर किती विसंबायचे ते ग्राहकाने ठरवावे.

पाणी, मीठ आणि मासळी

चेन्नईतील जुन्या वाहनाविषयी बोलताना पाण्याचा उल्लेख टाळता येत नाही. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीनंतर अड्यार नदीने पात्र सोडले आणि शहराच्या दक्षिण भागातील असंख्य वाहने छपरापर्यंत पाण्यात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पावसाने वेळाचेरी, पळ्ळिक्करणै या सखल भागांत पुन्हा तशीच स्थिती निर्माण झाली. विमा कंपन्या अशी वाहने पूर्ण नुकसानीत काढून लिलावात विकतात. तेथून ती दुरुस्त होऊन, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, आणि बऱ्याचदा दूरच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात. २००५ सालच्या २६ जुलैनंतर मुंबईकरांनाही हा अनुभव आला होता.

पुरातील गाडी ओळखण्यासाठी चकाकीकडे दुर्लक्ष करून जेथे कापड पोहोचत नाही तेथे पाहावे. आसनाखालील पट्ट्यांवरचा गंज, डॅशबोर्डच्या मागील बाजूस बसलेला बारीक गाळ, दिव्याच्या आतील काचेवरची पाण्याची रेघ, फ्यूजच्या पेटीत तांब्यावर चढलेला हिरवा थर आणि चेसिसच्या पोकळीत साचलेली माती या खुणा सहसा राहून जातात. पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारला गेला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड किंचित वाकण्याचा धोका असतो. असे इंजिन काही महिने चालते आणि मग अचानक साथ सोडते. विजेच्या तारांचे दोष तर याहून त्रासदायक, कारण ते कधी प्रकट होतील याचा नेम नसतो. पुरातून निघालेली गाडी, किंमत कितीही कमी असली तरी, धंद्यासाठी घेऊ नये असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज वाढतो हे सर्वश्रुत आहे. त्याहून घातक असते ती मासळीची वाहतूक. उत्तर चेन्नईतील काशिमेडू बंदरातून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फ वितळून खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि मागील एक्सलवर ठिबकत राहते. चार-पाच वर्षांत पत्रा पापडासारखा होतो. मुंबईचा ससून डॉक किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर येथील गाड्यांनाही हेच लागू आहे. वास रंगाने झाकला जातो, पण हौदा उचलून बसवलेले बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या खरे सांगतात. नोंदणी क्रमांकाच्या प्रारंभीचा जिल्हा पाहण्याची सवय ठेवावी. तामिळनाडूत ६९ म्हणजे तूतुक्कुडी, महाराष्ट्रात ०८ म्हणजे रत्नागिरी. किनाऱ्यावरील प्रत्येक गाडी मासळीचीच असते असे नाही, मात्र अशा गाडीची तपासणी अधिक बारकाईने करण्यास हे पुरेसे कारण आहे.

इंजिनाची परीक्षा

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे विक्रेत्यास आधीच सांगावे. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. येथे चेन्नईची हवा ग्राहकाच्या विरोधात काम करते. या शहरात हिवाळ्यातही पहाटेचे तापमान सहसा वीस अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी झालेले इंजिन किंवा निकामी ग्लो प्लग असलेली गाडीही येथे एका दमात सुरू होते. तीच गाडी डिसेंबरात नाशिकला नेली तर पहाटे ढकलावी लागेल. बाहेरगावच्या ग्राहकाने हे ध्यानात ठेवून कॉम्प्रेशनची चाचणी करून घ्यावी. तिचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

धुराचा रंग पाहण्याची रीत जुनी असली तरी उपयुक्त आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. दोष इंजेक्टरमध्ये, हवेच्या गाळणीत किंवा टर्बोमध्ये असू शकतो. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर थंडावा देणारे पाणी आत शिरत असल्याचे सुचवतो. ऑइल भरण्याचे झाकण चालू इंजिनावर उघडून पाहावे. तेथून धक्क्याधक्क्याने जोरात वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. झाकणाच्या आतील बाजूस ताकासारखा पांढुरका थर आढळल्यास ऑइलमध्ये पाणी मिसळत आहे.

रिकामे पिकअप चालवून काही कळत नाही. ते उड्या मारत धावते आणि सर्व काही ठीक वाटते. शक्य असल्यास हौद्यात निम्मा माल भरून उड्डाणपुलाच्या चढावर गाडी न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश जात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबला, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. वेग सोडताना मागून घरघर येत असेल तर क्राउन-पिनियनकडे संशयाने पाहावे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या वाहनांना भारत स्टेज सहाचे प्रदूषण मानक लागू आहे. यांतील अनेक डिझेल वाहनांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी किंवा तत्सम यंत्रणा असते. ही गाळणी स्वतःला स्वच्छ करण्यासाठी इंजिन काही वेळ सलग व गरम चालावे लागते. केवळ गल्लीबोळांत, दोन-दोन किलोमीटरच्या टप्प्यांत फिरलेल्या गाडीत ती तुंबत जाते, आणि बदलण्याचा खर्च मोठा असतो. म्हणजे चार वर्षांची, कमी चाललेली शहरी गाडी ही महामार्गावर दीड लाख चाललेल्या गाडीपेक्षा महागात पडू शकते. यंत्रणा काढून टाकून सरळ नळी बसवलेली गाडी तर पासिंगच्या वेळी अडचणीत येते.

एग्मोरजवळील पुदुपेट हा भाग जुन्या वाहनांचे सुटे भाग विकणारा बाजार म्हणून प्रसिद्ध आहे. मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिने, गिअरबॉक्स, दरवाजे, दिवे असे सर्व काही येथे मिळते. जुन्या पिकअपच्या मालकास हा मोठा आधार आहे. मात्र विकावयास आलेल्या गाडीत येथूनच आणलेले दुसरे इंजिन बसवलेले नाही ना, हे पाहणे ग्राहकाचे काम आहे. इंजिन बदलण्यास हरकत नाही, पण त्याची नोंद परिवहन कार्यालयात झालेली असावी लागते. इंजिनावरील व चेसिसवरील कोरलेले क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः जुळवून पाहावेत. क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला किंवा पुन्हा रंगवलेला असेल तर तेथेच थांबावे. चोरीच्या वाहनांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर करता येते.

किमतीचा हिशेब

समजा, दहा वर्षांचे व २ लाख ४० हजार किलोमीटर चाललेले पिकअप ३ लाख रुपयांस मिळत आहे. टायर, क्लच, पाटे, बुश व ब्रेक यांवर सुरुवातीलाच ६० हजार लागतील, असे धरू. इंजिनाचे काम चार वर्षांत एकदा निघेल असे मानून ७५ हजार बाजूस ठेवू. नेहमीची देखभाल वर्षाला ३० हजार, म्हणजे चार वर्षांत १ लाख २० हजार. एकूण ५ लाख ५५ हजार. चार वर्षांनी गाडी १ लाख २० हजारांस गेली, तर निव्वळ खर्च ४ लाख ३५ हजार. वर्षाला वीस हजार किलोमीटर या हिशेबाने तो किलोमीटरमागे सुमारे साडेपाच रुपये पडतो. डिझेल, चालकाचा पगार, कर व विमा यांत धरलेले नाहीत.

हेच काम ९ लाखांच्या नव्या गाडीने केले, तिच्यासाठी ७ लाखांचे कर्ज घेतले आणि चार वर्षांत १ लाख ७० हजार व्याज गेले, देखभालीस ६० हजार लागले आणि शेवटी ती साडेचार लाखांस विकली, तर खर्च ६ लाख ८० हजार, म्हणजे किलोमीटरमागे साडेआठ रुपये. चार वर्षांत जुन्या गाडीचा लाभ २ लाख ४५ हजार रुपये दिसतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या शहरातील भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

या हिशेबातून एक गोष्ट सुटलेली आहे, आणि बहुतेक ग्राहकांच्या हिशेबातूनही तीच सुटते. ती म्हणजे गाडी उभी राहण्याचे दिवस. गाडी बंद पडली की त्या दिवसाचे भाडे बुडते, वर ग्राहकाचा माल पोहोचवण्यासाठी दुसरे वाहन भाड्याने घ्यावे लागते. हा तोटा दिवसाला दीड हजार धरला आणि जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा वर्षाला चाळीस दिवस अधिक उभी राहिली, तर चार वर्षांत २ लाख ४० हजार रुपये गेले. लाभ संपला. वीस दिवस उभी राहिली तर निम्मा लाभ उरतो. भाजीपाला, दूध किंवा फुले वाहणाऱ्यास एका दिवसाचा तोटा याहून मोठा असतो, कारण माल नासतो आणि गिऱ्हाईकही तुटते. त्याने अधिक कठोर व्हावे. फर्निचर किंवा भांडी वाहणारा एक दिवस थांबू शकतो, म्हणून त्याला जुनी गाडी अधिक परवडते. ज्याला महिन्यातून आठ-दहा दिवसच वाहन लागते, त्याने भाड्याचा दर विचारून मगच विकत घेण्याकडे वळावे.

कागदपत्रे

गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही व्यवहार कागदपत्रांवरून फिसकटू शकतो, आणि फिसकटू द्यावा. नोंदणी क्रमांक घालून केंद्र शासनाच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत किंवा 'एम-परिवहन' या ॲपवर गाडीचा वर्ग, पासिंगची मुदत, विमा, कर आणि वित्तसंस्थेचा बोजा यांची माहिती मिळते. थकलेले ई-चलन वेगळे तपासावे. बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. 'हप्ते तुम्ही भरा, नाव नंतर बदलू' हा व्यवहार कितीही सोपा वाटला तरी त्यात गाडी ग्राहकाच्या मालकीची कधीच होत नाही.

मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील पासिंग, आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील वाहनांचे पासिंग शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवण्यात आले. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ साली जाहीर झाले असून चाचणी टप्प्याटप्प्याने स्वयंचलित केंद्रांकडे सोपवण्याकडे शासनाचा कल आहे. तेथे ब्रेक व धूर यंत्र मोजते, त्यामुळे ओळखीपाळखीस वाव कमी. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना तिची पुढील विक्री होईल की नाही, हा विचार आधीच करावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातले व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तेथून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली गाडी स्वस्त मिळते, पण नव्या राज्यात तिची नोंद होईल याची खात्री आधी परिवहन कार्यालयातूनच करून घ्यावी.

ज्यांचे एकूण वजन मालासह तीन हजार किलोपेक्षा अधिक नाही, अशा मालवाहू वाहनांना मोटार वाहन कायद्यानुसार परमिटची आवश्यकता नाही. दिसावयास सारख्याच असलेल्या दोन पिकअपपैकी एक या मर्यादेच्या आत व दुसरे बाहेर असू शकते. म्हणून नोंदणी पुस्तकातील वजनाचा रकाना वाचावा. चालकाच्या परवान्याबाबतचा संभ्रमही आता दूर झाला आहे. साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

चेन्नईत घेतलेली गाडी महाराष्ट्रात आणावयाची असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, घ्यावे लागते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनास त्या राज्याचा क्रमांक घेणे बंधनकारक आहे आणि कर नव्याने भरावा लागतो. हा खर्च किमतीत मिळवला की दूरच्या स्वस्त गाडीचे आकर्षण बऱ्याचदा कमी होते.

नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही व्यवहाराच्या दिवशीच घ्यावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतरणाची सूचना परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. विम्याच्या बाबतीतही चौदा दिवसांची मुदत महत्त्वाची आहे. तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई हवी असल्यास या मुदतीत कंपनीकडे अर्ज करून विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. विक्रेत्याच्या जुन्या पॉलिसीवर 'नो क्लेम' सवलत दिसत नसेल, तर मागील वर्षी कशाचा दावा केला होता, हे त्यास अवश्य विचारावे. सवलत दिसत असली तरी ती विक्रेत्याची असते, गाडीबरोबर येत नाही.

विक्रेता नाव बदलण्यास टाळाटाळ करीत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात दिलेला निकाल त्याच्या निदर्शनास आणावा. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. नाव बदलण्याची निकड विकणाऱ्यासही तितकीच असते, हे एकदा लक्षात आले की बहुतेक विक्रेते दुसऱ्याच दिवशी परिवहन कार्यालयात येण्यास राजी होतात. किमतीतील काही रक्कम नवे नोंदणी पुस्तक हाती येईपर्यंत राखून ठेवावी, आणि तसे पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.